लातुरांतील एक दुभाषी

कुर्डुवाडीचें स्टेशन आलें कीं आम्हांस गाढ झोपेंतूनहि जाग येते. ही बाळपणची खोड आहे. आजोळीं, म्हणजे लातुरास, जावयाचें तर येथें मोठी गाडी सोडून लहान गाडींत बसावें लागे, आणि पेंगुळलेलीं मुलें, वळकटी व फिरकीचा तांब्या सांभाळीत रूळ ओलांडतांना आईची त्रेधा उडे. बार्शी लाइट रेल्वेची ती गाडी अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धांवे. मोठ्या गाडीचे रूळ साडेपांच फुटांचे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनिअरानें काढलेली ही लहान लाइन १८९७ सालीं कुर्डुवाडीहून बार्शीस गेली व १९११ सालीं लातुरास पोंचली. लातूरच्या पेठेंतील तुरीचें पोतें मुंबईस जावयाचें तर कुर्डुवाडीच्या हमालानें तें एका डब्यांतून पाठीवर घेऊन दुसऱ्या डब्यांत टाकल्याशिवाय गत्यंतर नसे. ह्याच कॅल्थ्रॉपनें पुढें इंग्लंडांत लीक-मॅनिफोल्ड लाइनीवर, मोठ्या गाडीचा डबाच्या डबा लहान रुळांवरून वाहून नेणारे खास वाहक डबे करविले होते. कुर्डुवाडीस मात्र आम्हांस आठवते ती हमालाची पाठच.

सन २००७-०८ च्या सुमारास ह्या मार्गाचे रूळ रुंद झाले. आतां पुण्यास गाडींत बसलेला मनुष्य सरळ लातुरास उतरतो. गेल्या पौषांत आम्ही निघालों तेव्हांहि गाडी कुर्डुवाडीस थांबली, आम्ही संवयीनें उठून बसलों, खिडकींतून रिकाम्या फलाटाकडे पाहिलें. उतरावयाचें कारण नव्हतें. पण त्या हमालांची आठवण पुढील पांच दिवसांत आम्हांस वारंवार व्हावयाची होती.

आमच्याबरोबर पुण्यास इंजिनिअरिंग शिकणारा आमचा पुतण्या होता. त्याच्या पिशवींत कपडे थोडे, तारा व हत्यारें फार. लातुरास उतरल्यावर त्याला आम्हीं प्रथम गंजगोलाई दाखविली. १९१७ सालीं बांधलेली ती दुमजली वाटोळी इमारत, तिच्या मध्यभागीं अंबाबाईचें देऊळ, आणि तिला चोहों बाजूंनीं येऊन मिळणारे सोळा रस्ते! कोठें सराफ, कोठें कापड, कोठें भुसार, कोठें पादत्राणें, अशी ज्याची त्याची गल्ली ठरलेली. ह्या रचनेचें कौतुक करावें तितकें थोडें. बाकी शहर ओळखूं येत नाहीं. आमच्या लहानपणीं भिंतींवर बी-बियाण्यांच्या जाहिराती असत. आतां ‘लातूर पॅटर्न’च्या शिकवण्यांत पहिल्या आलेल्या मुलामुलींचे हंसरे चेहरे चौकाचौकांत टांगलेले आहेत. पाण्याची चिंता तेवढी जुनीच राहिली. सन २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून आगगाडीनें येथें पाणी आणावें लागलें, तेव्हांपासून मामींच्या न्हाणीघरांतील पिंप रिकामें असलेलें आम्हीं कधीं पाहिलें नाहीं.

मामींनीं गरम धपाटे व दही पुढें ठेवलें आणि पुतण्याचें तोंड भरलेलें असतांनाच विचारलें, “बाळा, होईल का रे तें चालू?”

तें म्हणजे मामांचा संगणक. मामा शाळामास्तर होते. चार वर्षांपूर्वीं ते वारले. त्यांच्या खोलींत, खिडकीखालीं, जुन्या इरकलीची खोळ घातलेलें तें धूड आम्हीं कितीदां पाहिलें असेल. पण खोळीखालीं काय आहे याची कधीं चौकशी केली नाहीं, हें आम्हांस कबूल केलें पाहिजे. १९९० च्या सुमारास मामांच्या एका मित्रानें तें छापखान्यासाठीं घेतलें होतें. छापखाना बसल्यावर तें मामांकडे आलें. आय. बी. एम. कंपनीच्या पी. सी.-एक्स. टी. नमुन्यावर आपल्या देशांत जुळविलेलें हें यंत्र. त्याच्या पोटांतील हार्ड डिस्क वीस मेगाबाइटची, म्हणजे आजच्या मोबाइलवरील चारपांच फोटोग्राफ मावतील एवढी. परंतु छापखान्याच्या मालकानें हौसेनें त्यांत ‘जिस्ट’ कार्ड बसवून घेतलें होतें. कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें ज्याचा आरंभ झाला व पुण्याच्या सी-डॅकनें जें पुढें देशभर पोंचविलें, तें हें कार्ड. तें बसविलें कीं इंग्रजीखेरीज कांहीं न जाणणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर देवनागरी अक्षरें उमटत.

मामांनीं त्यावर काय लिहिलें, हें सांगण्यासाठीं ३० सप्टेंबर १९९३ ची पहांट आठवावी लागेल. अनंत चतुर्दशीची रात्र. गणपति बोळवून किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी आदि गांवें निजलीं होतीं. चारला चार मिनिटें कमी असतां भूमि हालली. त्या भागांतील घरें म्हणजे मातींत रचलेल्या दगडांच्या हात-दोन हात जाडीच्या भिंती आणि वर मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत गारवा देणारें तेंच छप्पर निजलेल्या माणसांवर बसलें. सुमारें दहा हजार माणसें गेलीं. पुढें बावन गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. पण तोंपर्यंत लोक पत्र्याच्या शेडींत राहत होते. मामा दर रविवारीं एस. टी. नें तिकडे जात. मदतीचें साहित्य पुष्कळ जण नेत. मामा वही नेत. म्हातारींकोतारीं माणसें जें सांगतील तें ऐकून घेत, आणि सोमवार-मंगळवारीं रात्रीं तें संगणकावर उतरवीत. दोन वर्षें हा क्रम चालला. “कागदाला वाळवी लागते, ह्याला काय लागणार?” असें ते मामींना म्हणत. कागदावर छापून काढण्याचें काम ‘पुढच्या सुटींत’ असें म्हणतां म्हणतां राहून गेलें, आणि वह्या तर खरोखरच वाळवीनें खाल्ल्या.

गेल्या दिवाळींत किल्लारीकडील एक बाई मामींकडे आली. भूकंपाच्या वेळीं ती आठ वर्षांची होती. आई व धाकटा भाऊ त्या रात्रीं गेले. आजीनें तिला वाढविलें. आजीहि आतां नाहीं. “आजी सदा म्हनायची, म्या समदं गुरुजीला सांगितलंय, त्येंनी लिहून घेतलंय,” असें ती म्हणाली. “मला दुसरं काई नगं, बाई. आजीनं माझ्या आईबद्दल काय सांगितलं तेवढं ऐकायचंय.”

मामींनीं खोळ काढली. यंत्राचा कीबोर्ड उंदरांनीं निकामी केलेला होता. तार तर कुरतडलीच होती, शिवाय आंत कापसाचें घरटें करून त्यांनीं बाळंतपणहि उरकलें होतें. वाळवी लागत नाहीं, उंदीर लागतात.

आम्ही गेलों त्या दिवशीं पुतण्यानें प्रथम यंत्राचा वीजपुरवठा वेगळा काढून तपासला, एक फुगलेला कपॅसिटर बदलला, आणि मगच बटण दाबलें. हार्ड डिस्क आधीं कण्हली, मग तिचा सूर चढत गेला, आणि दोन मिनिटांनीं पडद्यावर हिरवीं अक्षरें आलीं. कीबोर्ड सांपडत नाहीं अशी तक्रार करून यंत्र पुढें गेलें आणि पुढील हुकुमाची वाट पाहत लुकलुकत राहिलें. (ह्या जातीचीं कांहीं यंत्रें ‘कीबोर्ड नाहीं, पुढें जाण्यास अमुक कळ दाबा’ असेंहि बजावीत, अशी जुन्या जाणत्यांत थट्टा आहे.) मामी म्हणाल्या, “ह्याला तोंड आहे रे, पण कान नाहींत.” पुतण्यानें लगेच यंत्र बंद केलें. एवढ्या वर्षांनीं फिरूं लागलेली डिस्क केव्हां कायमची थांबेल याचा नेम नव्हता. जें करावयाचें तें तिला कमीत कमी फिरवून करणें भाग होतें.

आम्हीं अजाणपणें सुचविलें कीं डिस्कच काढून पुण्यास नेऊं. पुतण्यानें दाखविलें: तिला दोन रुंद पट्ट्यांच्या तारा, आणि त्या ज्या कार्डाला जोडलेल्या त्या कार्डाशींच तिचें सूत जमलेलें. आजच्या संगणकांत तसा सांधाच नाहीं. तेव्हां मार्ग एकच. यंत्राला कान द्यावयाचे व त्याच्याच तोंडून सर्व वदवून घ्यावयाचें.

दुसरा दिवस बाजारांत गेला. संगणकाच्या दुकानदारानें टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड पुढें केला. खटखट वाजणाऱ्या कळांचा हा कीबोर्ड बँकांत व टंकलेखनाच्या वर्गांत अद्यापि आवडीचा आहे. पण त्याची तार यूएसबीची, आणि मामांच्या यंत्राला पांच खिळ्यांचें जाड वाटोळें भोंक. “पूर्वीं ह्यांच्या पोटाला एक बारीक बटण असायचं,” दुकानदार म्हणाला, “एका बाजूला एक्स. टी., दुसऱ्या बाजूला ए. टी. ते सगळे भंगारांत गेले, साहेब.” भंगाराच्या दोन वखारी पालथ्या घातल्या. कांहीं मिळालें नाहीं. आम्ही निराश झालों. पुतण्या मुळींच झाला नाहीं. तो तयारीनें आला होता, बाजाराची फेरी केवळ आमच्या समाधानासाठीं होती, हें आम्हांस मागाहून कळलें.

रात्रीं जेवणें झाल्यावर त्यानें मामींना व आम्हांला हा विषय समजावून दिला. आमच्या समजुतीप्रमाणें तो येथें देतों.

कीबोर्डाला अक्षरें ठाऊक असतात हा भ्रम आहे. त्याला ठाऊक असतात ते कळांचे नंबर. मामांच्या यंत्राच्या जातीचा कीबोर्ड एक कळ दाबली कीं एक नंबर पाठवितो, आणि ती सोडली कीं त्यांत १२८ मिळवून दुसरा. इंग्रजी ‘के’ ची कळ दाबली कीं ३७. सोडली कीं १६५. दोन तारांवर हें चालतें: एकीवर नंबर, दुसरीवर ताल, जणूं एक गवई व एक तबलजी. कोणीं विचारो न विचारो, कळ हालली कीं हा कीबोर्ड बोलतो. १९८४ सालीं आय. बी. एम. नें ए. टी. नांवाचें पुढील यंत्र काढलें आणि भाषा बदलली. ‘के’ चा नंबर ६६ झाला, ‘सोडली’ हें सांगण्याची तऱ्हा बदलली, आणि संगणकालाहि कीबोर्डाशीं उलट बोलतां येऊं लागलें. १९८७ सालीं खिळा लहान झाला, भाषा तीच राहिली. त्यानंतर यूएसबी आली आणि चालच निराळी झाली. यूएसबीचा कीबोर्ड आपण होऊन अवाक्षर काढीत नाहीं. संगणक सेकंदास शंभर-सव्वाशें वेळां त्याला विचारतो, “सध्यां काय काय दाबलेलें आहे?” आणि तो आठ आंकड्यांची चिठ्ठी पुढें करतो. तींत ‘के’ असेल तर १४ हा आंकडा असतो. कळ सोडली हें तो कधींच सांगत नाहीं. पुढच्या चिठ्ठींत १४ नसला म्हणजे समजून घ्यावयाचें. एवढेंच नव्हे, तर जुन्या यंत्रांत कळ दाबून धरली असतां अक्षर पुन्हां पुन्हां पाठविण्याचें काम कीबोर्डाचें असे. यूएसबींत तें संगणकानें आपल्याकडे घेतलें आहे.

“म्हणजे,” मामी म्हणाल्या, “नुसता खिळा बदलून भागायचं नाहीं. मध्यें माणूस हवा.”

आम्हांस आजोबा आठवले. लातूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें आणि कचेरीचा कारभार उर्दूंत चाले. आजोबांचें उर्दू जेमतेम. शेताच्या बांधाचा तंटा झाला तेव्हां ते कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनविसाकडे गेले. ते मराठींत सांगत, तो मान हालवी व उर्दूंत लिही. तो जें ऐके तें सगळें लिहीत नसे, आणि जें लिही तें सगळें आजोबांनीं सांगितलेलें नसे; पण साहेबास जें ज्या रीतीनें ऐकावयाचें असे तें त्या रीतीनें त्याला ठाऊक असे. पुतण्यास हा दृष्टांत इतका पसंत पडला कीं पुढें चार दिवस त्या उपकरणाचें नांव घरांत ‘अर्जनवीस’ असेंच पडलें.

अर्जनवीस म्हणजे रास्पबेरी पाय पिको नांवाची, दोन बोटें रुंदीहून थोडी मोठी, हिरवी पट्टी. २०२१ सालीं ती बाजारांत आली; किंमत पांचशें रुपयांच्या आंत. तिच्यावर एक मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकच ठराविक काम इमानानें करीत बसणारा, चिमुकला संगणक असतो. चिमुकला खरा, पण मूळ एक्स. टी. चें हृदय सेकंदास ४७ लक्ष ७० हजार ठोके देई, त्याच्या अठ्ठावीसपट ठोके ह्याचें हृदय देतें. कान होऊन बसलेला हा चाकर धन्याहून इतका चपळ आहे, आणि धन्याला तें कधींहि कळणार नाहीं! त्यानें करावयाचें एवढेंच कीं यूएसबीच्या बाजूस स्वतः संगणक बनून ‘काय दाबलें आहे?’ असें विचारीत राहावयाचें, मागची चिठ्ठी लक्षांत ठेवून नवीशीं ताडून पाहावयाची, आणि जो फरक पडेल तो दुसऱ्या बाजूस जुन्या कीबोर्डाचें सोंग घेऊन, जुन्या तालावर, जुन्या नंबरांत सांगावयाचा.

एक अडचण विजेची होती. जुनें यंत्र पांच व्होल्टांवर बोलतें, पिको सव्वातीन-साडेतीनच्या आंत. सरळ जोडलें तर हा अर्जनवीस पहिल्याच अर्जाला जळून जावयाचा. म्हणून दोन्ही तारांवर एकेक बारीक ट्रान्झिस्टर घालावा लागला. दुसरी अडचण पांच खिळ्यांच्या वाटोळ्या प्लगाची. तो लातूरच्या एकाहि संगणकवाल्याकडे नव्हता. शेवटीं लग्नकार्यास लाउडस्पीकर भाड्यानें देणाऱ्या एका गृहस्थांच्या माळ्यावर, जुन्या टेपरेकॉर्डरच्या तारेला तो लागलेला सांपडला. पूर्वीं गाण्याच्या यंत्रांनाहि तोच प्लग असे. गृहस्थांनीं पैसे घेतले नाहींत. “मास्तरांनीं माझ्या पोराला शिकवलं,” एवढेंच म्हणाले.

तिसऱ्या रात्रीं देवघरासमोरच्या पाटावर सोल्डरिंग झालें. मामींनीं राळेच्या धुराला उदबत्तीनें उत्तर दिलें. हार्ड डिस्कची तार काढून ठेवून, मामांच्या डब्यांतील एका जुन्या फ्लॉपीवर यंत्र सुरू केलें. फ्लॉपी चालली याचेंच आम्हांस नवल वाटलें. पुतण्यानें जिस्टचा मराठी लेखक उघडला व मामींना म्हणाला, “आजी, लिहा.” मामांजवळ बसून मामी थोडें टंकलेखन शिकल्या होत्या. इनस्क्रिप्ट नांवाची जी मांडणी ह्या कार्डांत असते, आणि सरकारी मांडणी म्हणून आजहि चालते, तींत ‘के’ वर क, ‘सी’ वर म आणि ‘एन’ वर ल आहे. मामींनीं एकेक बोटानें ‘कमल’ लिहिलें. पडद्यावर ‘कमल’ उमटलें. आम्हीं टाळी वाजविली. मग त्यांनीं शिफ्ट दाबून एक ख लिहिला, व पुन्हां ‘कमल’ लिहावयास गेल्या, तों उमटलें ‘खणळ’. पुन्हां लिहिलें, पुन्हां ‘खणळ’. मामी म्हणाल्या, “तुझ्या अर्जनविसाला पडसें झालें आहे.”

ही चूक शोधण्यांत पुतण्याचे चार तास गेले, आणि ती सांपडली तेव्हां इतकी मौजेची निघाली कीं ती येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जुना कीबोर्ड सुरू होतांच ‘मी धडधाकट आहें’ अशी वर्दी देतो. तिचा नंबर १७०. आणि डाव्या शिफ्टची कळ ४२ नंबरची. सोडल्यावर तींत १२८ मिळविले कीं तेहि १७०! पुतण्यानें आपल्या कार्यक्रमांत १७० हा आंकडा वर्दीसाठीं राखून ठेवला होता व एरवीं तो जाऊं द्यावयाचा नाहीं असा बंदोबस्त केला होता. परिणामीं शिफ्ट दाबल्याचें यंत्रास कळे, सोडल्याचें कधींच कळत नसे, आणि प्रत्येक क चा ख, म चा ण व ल चा ळ होऊन बसे. मूळ रचनाकारांनीं एकाच शब्दाला दोन अर्थ कां ठेवले, हें तेच जाणोत. एक ओळ बदलली. पडसें बरें झालें.

चौथ्या दिवशीं सकाळीं डिस्कची तार पुन्हां जोडली. मामींनीं यंत्रावर हळदकुंकू वाहिलें. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. डिस्क फिरली. मामींच्या शेजारीं बसून त्यानें यादी मागविली आणि पडद्यावर त्रेचाळीस फायलींचीं नांवें उतरलीं. इंग्रजी आठ अक्षरांच्या आंत कोंबलेलीं गांवांचीं व माणसांचीं नांवें.

तीं बाहेर काढण्यासाठीं त्यानें यंत्राच्या पाठीमागील सीरियल पोर्टास तार जोडून तिचें दुसरें टोंक आपल्या लॅपटॉपला लावलें होतें. वेग अगदीं बेताचा, सेकंदास सुमारें एकशेंवीस अक्षरें. घाईनें नासण्यापेक्षां हें बरें. पहिल्या फायलींत सगळीकडे इंग्रजी आंकडे व चिन्हें आलीं. तेव्हां आमच्या पोटांत धस्स झालें. पण दोष तारेचा नव्हता. जिस्टनें लिहिलेला मजकूर ‘इस्की’ ह्या भारतीय संकेतांत असतो, आणि त्यांत क चा आंकडा १७९. डॉसमधील तो हुकूम निराळें सांगितलें नाहीं तर आठांपैकीं सातच बिट पाठवितो. १७९ तून १२८ गळाले कीं ५१ उरतात, आणि ५१ म्हणजे इंग्रजी तीनचा आंकडा. प्रत्येक क च्या जागीं ३ येत होता. आठ बिट पाठव असें बजावल्यावर ओळी सुरळीत उतरूं लागल्या. लॅपटॉपवर त्यांचा युनिकोड होई. त्यांत क चा आंकडा २३२५. मामींच्या बोटाखालील एक क, १४ म्हणून निघून ३७ झाला, १७९ म्हणून निजला आणि २३२५ म्हणून जागा झाला. कुर्डुवाडीस सुद्धां पोत्याची इतकी अदलाबदल होत नसे.

सतरा फायली सरळ आल्या. अठरावीस डिस्कनें खर्र असा आवाज केला आणि पडद्यावर प्रश्न आला: काम सोडूं, पुन्हां पाहूं, कीं अपयश मानूं? तिन्ही उत्तरांना एकेक कळ. ‘पुन्हां’ ची ‘आर’. पुतण्यानें आर दाबली. पुन्हां खर्र. फाइलीचें नांव पाहून मामी खुर्ची ओढून पुढें झाल्या. ती त्या बाईच्या आजीची फाइल होती.

“सरक,” त्या म्हणाल्या, आणि स्वतः आर दाबूं लागल्या. कळ दाबावयाची, डिस्क कण्हे तोंवर थांबावयाचें, प्रश्न आला कीं पुन्हां दाबावयाची. आम्ही मोजीत होतों. तेविसाव्या खेपेस खरखर थांबली आणि लॅपटॉपवर ओळी पुढें सरकल्या. तीच युक्ति पुढेंहि अनेकदां उपयोगी पडली. त्रेचाळिसांपैकीं एकेचाळीस फायली संध्याकाळपर्यंत आल्या. दोन आल्या नाहींत. त्यांना शंभरदां ‘आर’ दाबूनहि डिस्क दाद देईना. तिला विश्रांति देऊन पुन्हां पाहूं असें ठरलें.

पांचव्या दिवशीं आम्ही तिघे औशावरून किल्लारीस गेलों. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस तुरीची काढणी चालली होती. नवें गांव आंखीव आहे. सरळ रुंद रस्ते, अंतराअंतरानें एकमजली घरें. जुन्या गांवठाणाचीं बोळें, माळवदावरून माळवदावर जाण्याची सोय, हें कांहीं येथें नाहीं. लोकांनीं अंगणांत पत्र्याचे आडोसे काढून आपल्या परीनें बोळ पुन्हां तयार केले आहेत. जुन्या जागीं स्मृतिस्तंभ आहे. दरसाल ३० सप्टेंबरास तेथें लोक जमतात. आम्ही गेलों तेव्हां कोणी नव्हतें, दोन शेळ्या होत्या.

ती बाई दारांतच उभी होती. मामींनीं पिशवींतून कागद काढला. चार पानें छापून आणलीं होतीं. तिला वाचतां येत होतें, पण ती म्हणाली, “तुमीच वाचा.” मामींनीं वाचलें. आजीनें आधीं बैलांविषयीं सांगितलें होतें, मग घरांत किती जोंधळा होता तें, मग आळींतील कोण कोण गेलें तें घरवार. आईची गोष्ट तिसऱ्या पानावर होती. त्या रात्रीं आजी शेतांतल्या खोपीवर राखणीला जाणार होती; नात तिच्याबरोबर जाण्याचा हट्ट धरून बसली. आई आधीं रागावली. मग तिनेंच पोरीच्या अंगावर घोंगडी टाकली, प्रसादाची करंजी हातांत दिली, आणि “जा, पण आजीला तरास देऊं नगं” असें म्हणून वेशीपर्यंत पोंचवायला आली.

बाई बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “मला वाटायचं, म्या न सांगता पळून गेलते.” तिनें मामींच्या हातून कागद घेतला आणि तें पान स्वतः वाचलें, बोट ठेवून, दोनदां.

तोंवर अंगणांत शेजारपाजारचीं दहाबारा माणसें जमलीं होतीं. गुरुजींचें लिहिणें सांपडलें ही बातमी आमच्या आधींच पोंचली होती. जो तो विचारी, आमच्या बाचं आहे का, आमच्या चुलतीचं आहे का. पुतण्यानें वही काढली व नांवें लिहून घेतलीं, सतरा झालीं. यादीशीं ताडून पाहतां त्यांतील पंधरा आमच्यापाशीं आलेल्या फायलींत होतीं, एक मामांनीं लिहिलेंच नव्हतें, आणि एक त्या न उघडलेल्या दोहोंपैकीं होतें. तें नांव सांगणारा म्हातारा काठी टेकून उभा होता. पुतण्यानें त्याला खरें काय तें सांगितलें. म्हातारा म्हणाला, “बघा पुन्यांदा.”

संध्याकाळच्या एस. टी. नें आम्ही लातुरास परतलों. हातपाय धुऊन होतांच मामींनीं स्वतःच खोळ काढली, आणि पुतण्यानें बटण दाबण्यापूर्वीं खुर्ची पुढें ओढून त्यांनीं बोट ‘आर’ वर ठेवलें.